आधी कोण उठतं

राळ्ळकोन्याच्या शाळेत कुणाला सरळ उत्तर मिळालंय, असं अजून तरी झालेलं नाही. पोरानं येऊन मास्तरांना विचारावं, "अण्णा, खेळायला जाऊ का?" तर अण्णा विचारणार, "तुला का जावंसं वाटतंय?" पोरगं बिचारं विचार करत उभं राहतं आणि तोवर खेळ संपतो. आईबाप पहिल्या खेपेला हे ऐकून भारावून जातात, दुसऱ्या खेपेला वैतागतात आणि तिसऱ्या खेपेला स्वतःच तसं बोलायला लागतात. लागण होते म्हणा ना! स्वयंपाकघरातल्या ओबुलेसूलासुद्धा झालीय. चारूत, म्हणजे तिथल्या सारात, मीठ कमी आहे म्हणून सांगायला जावं, तर हा पळी हातात धरून विचारतो, "कमी म्हणजे कुणाच्या मानानं?"

आणि नेमक्या अशा शाळेत वकुळाक्काला एक सरळ वाक्य ऐकायचं होतं. कुणीतरी तिला म्हणावं, "अक्का, जाऊ नका." एवढंच. बाकी काही नको होतं तिला.

वकुळाक्का तेलुगू शिकवायची आणि चिंचेखालच्या वसतिगृहातल्या धाकट्या पोरांना सांभाळायची. आली तेव्हा ऐन पंचविशीत होती, दोन वेण्या घालायची, आणि एक वर्षभर राहून बघू म्हणाली होती. त्या वर्षाचं पुढं काय झालं, ते तिच्या केसांकडे बघून कळतं. यंदा तिला साठ पुरी झाली. दुसऱ्या कुठल्या शाळेत साठीला हार घालतात, नारळ देतात आणि माणसाला दाराबाहेर काढतात. इथं तसं नाही. शाळा ज्यांनी काढली त्या म्हाताऱ्यांचं, ज्यांना अजून सगळे पेद्दायना म्हणजे थोरले म्हणतात त्यांचं, सांगणंच होतं की कुणाच्या मनावर आपला हात ठेवायचा नाही. रागाचा नाही आणि मायेचाही नाही. म्हणून साठीनंतर राहायचं की जायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी जा म्हणत नाही, कुणी राहा म्हणत नाही. ऐकायला किती छान वाटतं! पण ज्याच्यावर वेळ येते त्याला विचारा.

तिकडे विशाखपट्टणमला तिची भाची हैमवती होती. वकुळाक्काच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली, तेव्हापासून ती या मावशीलाच पेद्दम्मा पेद्दम्मा करत वाढलेली. संक्रांतीला तिला मुलगी झाली होती. तेव्हापासून ती दर रविवारी फोनवर एकच धोशा लावायची.

"पेद्दम्मा, तू ये बाई आता. किती दिवस त्या दगडांत राहणार? इथं समोर समुद्र आहे. तुझी खोली तयार आहे, खिडकीला पडदेसुद्धा लावलेत."

"अगं, तुझी सासू आहे ना तिथं?"

"आहे की. ती पण म्हणते, बोलव तुझ्या मावशीला, मला बोलायला कुणीतरी मिळेल. आणि पोरीला ओव्या कोण म्हणणार? मला एक तरी येते का? तू ये म्हणजे ये. मला तू हवीस."

मला तू हवीस. फोन ठेवल्यावर वकुळाक्का हे शब्द मनात घोळवत बसायची. किती सोपं बोलून गेली पोरगी! आणि इथं, जिथं तिनं सगळं आयुष्य घातलं, तिथं या एका वाक्याचा दुष्काळ. वकुळाक्काला जायचं नव्हतं. समुद्र तिला कधी आवडला नाही, सारखा बडबडतो. तिला इथंच, या तापलेल्या टेकड्यांत, सीताफळाच्या झुडपांत, पोरांच्या ओल्या टॉवेलांच्या वासात राहायचं होतं. पण कुणाला नको असताना चिकटून बसणारी ती नव्हती. आणि आपल्याला कुणीतरी राहा म्हणावं असं वाटतंय, याची तिला वर लाजही वाटायची. इतकी वर्षं 'स्वतःकडे बघा' म्हणून पोरांना सांगितलं, आणि स्वतःकडे बघितलं तर आत काय निघालं? रुसलेली पोर.

उगादीचा पाडवा झाला, आंब्यांना पाड लागला, सुट्टी जवळ आली, तशी ती एकदा मनाचा हिय्या करून मुख्याध्यापकांकडे गेली.

मुख्याध्यापक सोमयाजुलु. दोघं एकाच वर्षी या शाळेत आले, एकाच बसमधून उतरले आणि एकाच छत्रीतून चालत फाटकापर्यंत आले होते. माणूस देवासारखा, पण प्रश्नांचा रोग सगळ्यांत जास्त यालाच. लग्नाच्या वेळी मुलगी बघून आल्यावर वडलांनी विचारलं, आवडली का? तर हा म्हणाला, "आवडणं म्हणजे नक्की काय?" वडलांनी पायताण हातात घेतलं तेव्हा कुठं हो म्हणाला, असं त्याची बायको अनंतलक्ष्मी अजून हसून हसून सांगते. ती बाई इथं असती तर हा पुढचा घोळ झालाच नसता, पण ती लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेली होती.

सोमयाजुलु ओट्यावर बसून भाजलेल्या शेंगा सोलत होते. वकुळाक्का शेजारच्या बाकावर टेकली. त्यांनी नेहमीसारखे सोललेले दाणे तिच्याकडे सरकवले. त्यांना स्वतःला दाणे सोसत नाहीत. कित्येक वर्षं ते फक्त सोलतात आणि ती खाते.

"सोमयाजुलुगारू, हैमवती बोलावतेय. कायमचं," ती म्हणाली. "मी काय करू?"

शेंग सोलता सोलता त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"तुम्हाला काय वाटतं, वकुळगारू?"

"मला काय वाटतं ते मला माहीत आहे. तुम्हाला काय वाटतं ते विचारायला आलेय."

"माझ्या वाटण्याला काय किंमत आहे? तुमचा निर्णय दुसऱ्याच्या वाटण्यातून आला तर तो तुमचा राहील का?"

वकुळाक्कानं दाण्यांची मूठ तशीच परत ठेवली. "बरंय," म्हणाली आणि उठली. ओटा उतरताना तिनं मागं वळून बघितलं असतं, तर सोमयाजुलु रिकामी टरफलंच सोलत बसलेत हे तिला दिसलं असतं. पण ती वळली नाही. मानी बाई.

तिथून ती ओबुलेसूकडे गेली. ओबुलेसूला तिनंच शाळेत आणलं होतं. गावच्या जत्रेत त्याच्या हातची नाचणीची संगटी खाल्ली आणि त्याला दुसऱ्या दिवशी चुलीपुढं उभा केला. हा तरी सरळ बोलेल असं तिला वाटलं.

"ओबुलेसू, मी जाऊ का रे भाचीकडे?"

ओबुलेसूनं नाचणीचा गोळा वळता वळता तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो चुलीपुढं असतो, तेव्हा त्याचे डोळे लालच असतात.

"अक्का," तो घसा खाकरून म्हणाला, "जाणारा कोण आणि राहणारा कोण?"

"तुझं डोकं!" वकुळाक्का म्हणाली. "संगटी करपतेय खालून, तिकडे बघ आधी."

यावर कळस केला जिन्सीनं. जिन्सी ही केरळची पोरगी, विज्ञान शिकवायची, दोन वर्षांपूर्वी आलेली. कामाला वाघीण, मनानं लोणी, पण पेद्दायनांचं एकेक वाक्य तिनं तोंडपाठ केलेलं. वकुळाक्का गेली तर चिंचेखालचं वसतिगृह हिच्याकडे यायचं होतं. तिनं शनिवारी मोठ्या वडाखाली बैठक ठरवली. शिक्षक, वरच्या वर्गातली मुलं, सगळे गोल करून बसले. विषय काय? तर 'ओढ'.

आता सांगा! दुसरीकडे निरोपाला भाषणं करतात, रडतात, खोटं का होईना पण चार शब्द गोड बोलतात. हे शहाणे वडाखाली बसून ओढ म्हणजे काय याचा खल करायला लागले. एक मुलगा म्हणाला, ओढ हीच दुःखाचं मूळ आहे. गणिताचे अण्णा म्हणाले, ओढ आणि प्रेम यांत आपण गल्लत करतो. जिन्सी म्हणाली, ज्याच्यावर आपलं खरं प्रेम असतं त्याला आपण मोकळं सोडू शकतो का, हे बघायला हवं, आणि एवढं बोलून खाली माती उकरायला लागली. सोमयाजुलु डोळे मिटून बसले होते.

हे माझ्यासाठीच चाललंय, वकुळाक्का समजली. आणि चुकीचं समजली. तिला वाटलं, ही सगळी मला गोड शब्दांत सांगतायत की बाई, ओढ सोड आणि नीघ. त्या बिचाऱ्यांचा प्रकार उलटा होता. त्यांना ती जाणार या कल्पनेनं जेवण गोड लागत नव्हतं, आणि ते सहन कसं करायचं हे शोधायला ते वडाखाली बसले होते. पण हे तिला सांगणार कोण? सांगितलं तर तिच्या मनावर हात ठेवल्यासारखं होणार! सगळे मूग गिळून बसले.

त्याच संध्याकाळी पाचवीतली लास्या तिच्या खोलीत आली. गुडघा फुटला होता, हळद लावून घ्यायला आली होती.

"अक्का, तू जाणार आहेस?"

"तुला काय वाटतं?" वकुळाक्काच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मला नको विचारू. मी आधी विचारलंय," लास्या म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि मी सांगणारच नाही. जिन्सीअक्कानं सगळ्यांना सांगितलंय, अक्काला कुणी काही बोलायचं नाही. राहा पण म्हणायचं नाही."

वकुळाक्कानं पुन्हा हळदीत बोटं बुडवली. अस्सं! म्हणजे पोरांची तोंडं पण बंद केली. वसतिगृहाच्या किल्ल्यांची इतकी घाई झाली का बाईसाहेबांना? तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिनं पोरीच्या गुडघ्यावर जरा जास्तच हळद थापली. लास्या कळवळली. त्या रविवारी हैमवतीचा फोन आला, तेव्हा वकुळाक्का म्हणाली, "येते. सुट्टी लागली की त्याच दिवशी निघते." पलीकडे हैमवती आनंदानं किंचाळली, तिची पोरगी दचकून रडायला लागली, आणि इकडे वकुळाक्काही रडली, पण ते वेगळ्या कारणानं.

सोमयाजुलुंना तिनं दुसऱ्या दिवशी वाटेतच सांगितलं. "जातेय मी."

ते उभेच राहिले. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही या निर्णयाकडे नीट बघितलंत ना?"

"डोळे फाडून बघितलं," वकुळाक्का म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

राळ्ळकोन्यात शाळा सुरू झाल्यापासूनचा एक रिवाज आहे. मावळतीला सगळी शाळा मागच्या टेकडीवर हत्तीखडकावर जाऊन बसते. खडक पसरट, दिवसभर तापलेला, संध्याकाळी बसायला ऊबदार. समोर टेकड्यांच्या रांगा, त्यांच्यामागं सूर्य जातो. बोलायचं नाही, काही म्हणायचं नाही, डोळे मिटायची पण सक्ती नाही. नुसतं बसायचं. घंटा नाही, शिट्टी नाही. सूर्य गेला की थोड्या वेळानं सगळे आपोआप उठतात आणि खाली जेवायला येतात. पाहुणे आले की सोमयाजुलु त्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचे, "कुणी उठा म्हणत नाही. शांतता आतून पुरी होते, तेव्हा माणूस उठतो." पाहुणे माना डोलवायचे.

वकुळाक्का मधल्या बाजूला, हत्तीच्या कानासारखा उंचवटा आहे तिथं बसायची. सूर्य गेला की तिला खालच्या चुली आठवायच्या, कुठल्या पोराला ताप आहे ते आठवायचं, शिवाय दगडावर बसून गुडघा धरायचा. मग ती गुडघ्यावर हात टेकून, "रामा" म्हणत उठायची आणि पायानं चपला चाचपायची. बस, एवढंच ती करायची. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही वाटत नव्हतं.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच खडकावर गेली नाही. सामान बांधायचंय, असं तिनं कुणालातरी सांगितलं. सामान म्हणाल तर एक ट्रंक आणि एक पिशवी. खरं कारण असं की शेवटच्या दिवशी तिथं बसली असती तर ती हमसून हमसून रडली असती, आणि त्या शांततेत नाक ओढलेलं सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

खिडकीतून तिनं रांग वर जाताना बघितली. लास्या दोनदा मागं वळून बघत होती. मग सगळं सामसूम झालं. वकुळाक्कानं साड्यांच्या घड्या केल्या, पुन्हा मोडल्या, पुन्हा केल्या. उजेड लाल झाला, मग करडा झाला, मग गेला. तिनं दिवा लावला. आता पोरं उतरतील, न्हाणीघराच्या नळावर मारामारी होईल, म्हणून ती सवयीनं कान देऊन बसली. पण कुणी येईना.

ओबुलेसू धावत आला. "अक्का, पानं वाढायची वेळ होऊन गेली. वरण गार झालं, पुलिहोऱ्याच्या चिंचभाताचं भांडं तसंच झाकून ठेवलंय. वर कुणाची हालचाल नाही. काही झालं तर नाही ना?"

उन्हाळ्याचे दिवस, खडकांत साप निघतात. कुणी घसरलं की काय? वकुळाक्कानं टॉर्च उचलला आणि दुखरा गुडघा विसरून टेकडीची वाट धरली. ओबुलेसू पळी हातात घेऊन मागं.

वर पोचली आणि टॉर्च फिरवला, तर काय! सगळी शाळा जागच्या जागी बसलेली. अंधारात, चिडीचूप. धाकटी पोरं थोरल्यांच्या मांडीवर डोकी टेकून पेंगत होती. गणिताचे अण्णा डास मारत होते, पण तेसुद्धा आवाज न करता. सोमयाजुलु ताठ बसले होते. आणि मधे हत्तीच्या कानापाशी तेवढी जागा मोकळी होती.

"अगं बाई! काय झालं? साप निघाला? कुणाला लागलं का?"

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले.

"अक्का आली!" लास्या ओरडली. "अक्का, मला केव्हाची शू लागलीय."

"मग उठायचं की! बसलीस कशाला?"

"उठायचं कसं? अजून कुणी उठलंच नाही ना."

"कुणी उठायचं असतं आधी?"

लास्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू या बाईला साधी साधी गोष्ट कळत नाही. "तू," ती म्हणाली.

वकुळाक्कानं कपाळावर हात मारला. ती सोमयाजुलुंकडे वळली. "आणि तुम्ही? एवढे मोठे मुख्याध्यापक! तुम्हाला उठायला काय झालं होतं?"

"मी उठलो असतो तर तो हुकूम झाला असता," सोमयाजुलु हळू आवाजात म्हणाले. "मी वाट बघत होतो. आतून पुरी होईल म्हणून. झालीच नाही, वकुळगारू. आज पहिल्यांदा कळलं, ती कधीच होत नव्हती. तुम्ही उठत होता."

"आणि तू गं?" वकुळाक्कानं जिन्सीवर टॉर्च मारला. जिन्सीचं तोंड रडून रडून सुजलं होतं.

"मी दोनदा उठायला गेले, अक्का. पण वाटलं, मी आज आधी उठले तर मी तुमची जागा घेतली असं होईल. मला नको तुमची जागा. मला ते वसतिगृह नको, त्या किल्ल्या नकोत. मी पोरांना गप्प बसवलं, कारण एकानं जरी राहा म्हटलं असतं ना, तर मीच तुमचे पाय धरले असते. मग तुमच्या मनावर किती दडपण आलं असतं!"

"अगं वेडाबाई," वकुळाक्का म्हणाली. महिनाभर या पोरीला मनातल्या मनात काय काय बोलली होती ती! तिनं टॉर्च विझवला, कारण आता तिला स्वतःचं तोंड कुणाला दिसायला नको होतं.

अंधारात सोमयाजुलु उठून उभे राहिल्याचा आवाज आला. "वकुळगारू, मूळ प्रश्न असा आहे की—"

"पुरे!" वकुळाक्का कडाडली. त्या खडकावर एवढा मोठा आवाज आजवर कुणी काढला नव्हता. पेंगणारी पोरं टक्क जागी झाली. "प्रश्न पुरे झाले! आयुष्यभर प्रश्न खाल्ले मी तुमचे, शेंगदाण्यांबरोबर. आज मला उत्तर हवंय. तुम्हाला मी इथं हवी आहे की नको? सांगा."

सगळी शाळा कान टवकारून बसली. सोमयाजुलुंना कधी कुणी उत्तर देताना ऐकलंच नव्हतं. मग जे बोलले, ते आवाज फाटून बोलले.

"जाऊ नको, वकुळा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला आदराचं गारू जोडल्याशिवाय हाक मारली नव्हती.

"जाऊ नको. मला भीती वाटते. पोरांना सांगत असतो, भीतीकडे बघा, नुसतं बघा. मी महिनाभर बघतोय. जराही कमी होत नाही. तू गेल्यावर मी दाणे सोलून कुणाला देऊ?"

"मग महिनाभर तोंडाला काय कुलूप लावलं होतं?"

"मी बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"मग?"

"मग तू माझ्यासाठी थांबली असतीस. पोरांसाठी थांबली असतीस. तुझं तू ठरवलं असं झालं नसतं."

"अहो," वकुळाक्का म्हणाली, आणि आता ती उघड उघड रडत होती, नाक ओढत होती आणि ते सगळ्यांना ऐकू जात होतं, "माणूस माणसासाठीच थांबतं. दगडांसाठी थांबतं का कुणी?"

मागून ओबुलेसूचा आवाज आला. "अक्का, मला पण तेच म्हणायचं होतं त्या दिवशी. जमलं नाही." आणि त्यानंतर धरण फुटावं तसं झालं. "अक्का, जाऊ नको," एक पोरगं म्हणालं, मग दुसरं, मग सगळीच. वरच्या वर्गातला तो, ओढ हीच दुःखाचं मूळ म्हणणारा, तोच सगळ्यांत मोठ्यांदा ओरडत होता. जिन्सीनं खरोखरच पाय धरले. "सोड गं, पडेन मी," वकुळाक्का म्हणाली, पण पाय मागं घेतला नाही.

थोड्या वेळानं ती पोरांमधून वाट काढत गेली आणि हत्तीच्या कानापाशी आपल्या जागेवर बसली. खडक अजून कोमट होता. सगळे आपोआप गप्प झाले.

"उद्या मी जाणार आहे," ती म्हणाली, आणि कुणीतरी हुंदका दिला तशी तिनं हात वर केला. "ऐका आधी. हैमवतीनं पडदे लावलेत माझ्यासाठी, पोरगी वाट बघतेय. तिनं मला कधीच प्रश्न विचारले नाहीत, सरळ ये म्हणाली. तिचं बाळ मांडीवर घेईन, चार ओव्या म्हणेन, तिला पण शिकवेन. आणि शाळा उघडायच्या आत परत येईन. ट्रंक इथंच ठेवतेय. जिन्सी, किल्ल्या तेवढ्या दिवस तुझ्याकडे, आणि न्हाणीघराच्या नळाचं बघ."

"परत येणार ना नक्की?" सोमयाजुलुंनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" वकुळाक्का म्हणाली.

आधी लास्या हसली, मग ओबुलेसू, मग सोमयाजुलु स्वतः, डोळे पुसत. हसणं ओसरलं तरी कुणी जागचं हललं नाही. खाली चुलींचा उजेड दिसत होता. टेकड्यांवर कुठंतरी टिटवी ओरडली. वकुळाक्का बसून राहिली, आज चुकलेली मावळती भरून काढावी म्हणून म्हणा, किंवा बसावंसं वाटलं म्हणून म्हणा.

"अक्का," लास्या तिच्या कानाशी कुजबुजली, "माझी शू."

"अगं बाई, खरंच की!" वकुळाक्का म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून, "रामा" म्हणत ती उठली, पायानं चपला चाचपल्या, आणि तिच्या मागोमाग अख्खी शाळा उठली.